डोक्यावरचे छप्पर आणि पायाखालची जमीन

आमच्या धर्मग्रामातील शाळेत पालकांची सभा भरते, तेव्हा पुढच्या बाकांवर बहुधा आजी-आजोबाच बसलेले दिसतात. मुलांचे आईबाप पुण्यास, मुंबईस, गोव्यास किंवा बेंगळुरूस असतात. ते नाताळास येतात, गावच्या फेस्तास येतात आणि चार दिवस राहून पुन्हा एस. टी. धरतात. पोटापाण्यासाठी माणसाने गाव सोडावे यात नवल नाही. आपल्या सीमाभागातील आणि गोव्यातील कुटुंबांना त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. परंतु लेकरू मागे का राहते, असे आम्ही निरनिराळ्या घरांत विचारले, तेव्हा उत्तर थोड्याफार फरकाने एकच मिळाले : “फादर, पगार पुरला असता, भाडे पुरू देत नाही.”

आमच्या ओळखीचा एक गवंडी गेली पंधरा वर्षे पुण्यात भिंती उभारतो आहे. त्याची पत्नी एका रुग्णालयात परिचारिका आहे. दोघेही निर्व्यसनी, कष्टाळू आणि काटकसरी. तरीही एका खोलीत ती दोघे आणि त्याचा धाकटा भाऊ अशी तिघे राहतात, आणि त्यांची सात वर्षांची मुलगी येथे आजीजवळ वाढते आहे. गेल्या फेस्ताच्या दिवशी तो आम्हांस म्हणाला, “किती बिऱ्हाडांच्या भिंती मी उभारल्या त्याची मोजदाद नाही, फादर. पण त्यांतल्या एकाही दारावर माझे नाव नाही.” त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, आणि म्हणूनच ते बोलणे आमच्या मनातून जाईना.

शहरात घर इतके महाग का, हे आम्ही त्याच गवंड्यास विचारले. अर्थशास्त्राच्या ग्रंथात सापडावे तितके स्वच्छ उत्तर त्याने दिले. सिमेंटचे पोते, लोखंडाची सळई आणि गवंड्याची मजुरी यांच्या दरांत येथे आणि पुण्यात फरक असला, तरी तो काही दहापट नसतो. दहापट, किंबहुना त्याहूनही अधिक फरक असतो तो जमिनीत. वीट भट्टीत भाजता येते. जमीन कोणत्याही भट्टीत तयार होत नाही. त्यातच सरकारने रस्ता केला, नळ आणला, रेल्वेचे स्थानक बांधले, की शेजारच्या जमिनीचा भाव आपोआप चढतो. खर्च साऱ्या जनतेचा, आणि लाभ मात्र सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याचा. तेव्हा घर स्वस्त करावयाचे म्हणजे केवळ विटा स्वस्त करून भागणार नाही; पायाखालच्या जमिनीचे काय करावयाचे, हा प्रश्न सोडवावा लागतो. निरनिराळ्या काळी निरनिराळ्या लोकांनी तो कसा सोडवू पाहिला, हे वाचकांपुढे मांडावे असे आम्हांस वाटते. कारण त्यांतील काही माणसे आपल्यासारख्याच खेड्यांतून शहरात गेलेली होती.

पहिले उदाहरण आपल्या अगदी घरचे आहे. कोकणीत कूड म्हणजे खोली. गेल्या शतकाच्याही आधीपासून गोव्याची माणसे बोटीवर, हॉटेलांत, साहेबांच्या घरी चाकरीस मुंबईत येऊ लागली. प्रत्येकाने स्वतंत्र खोली घेणे शक्य नव्हते. तेव्हा एकेका गावच्या लोकांनी मिळून धोबीतलाव, माझगाव, कावेल या भागांत एखादी मोठी जागा भाड्याने घेतली आणि तिला आपल्या गावचा क्लब म्हटले. सभासदाने ठरावीक वर्गणी भरावयाची आणि आपली पेटी तेथे ठेवावयाची. बोट बंदरास लागली की पुढची बोट मिळेपर्यंत त्याने तेथे उतरावे. भिंतीपाशी वेदी, वेदीवर गावच्या आश्रयदात्या संताची प्रतिमा, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळेची प्रार्थना. एके काळी मुंबईत अशा शेकडो कुडी होत्या. धोबीतलावाच्या जेर महाल या जुन्या इमारतीत तर अनेक गावे एकाच छपराखाली नांदत.

सेमिनरीत असताना एका सुट्टीत आम्हीही अशा एका कुडीत दोन रात्री काढल्या आहेत. ओळीने मांडलेल्या पेट्या, त्यांवर गुंडाळून ठेवलेल्या चटया आणि दारावर टांगलेली नियमांची पाटी आम्हांस अजून आठवते. दारू पिऊन येऊ नये, प्रार्थनेच्या वेळी कोणी बाहेर थांबू नये, वर्गणी थकवू नये, असे ते नियम होते. तेथील एक वृद्ध खलाशी म्हणाला की, त्याला मुंबईत एकही रात्र उघड्यावर काढावी लागली नाही. कारण त्याचा गाव त्याच्या आधीच मुंबईत येऊन बसला होता. कुडीचे मर्म यातच आहे. पैशाची उणीव तिने परस्परविश्वासाने भरून काढली. अनोळखी भाडेकरूस मालक दार उघडत नाही. परंतु गावच्या नावाने, गावच्या जबाबदारीवर घेतलेली जागा मिळते आणि टिकते.

मात्र कुडीला एक मोठी मर्यादा होती. ती एकट्या पुरुषाची सोय होती. बायकामुलांना तेथे बहुधा स्थान नसे. कुटुंबासाठी निराळा मार्ग हवा होता. तो सहकाराने दाखविला. १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिच्यामागील प्रमुख पुरुष होत. पाठोपाठ १९१८ साली वांद्रे येथे साष्टीच्या कॅथलिकांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. नोकरदार माणसांनी थोडे थोडे भांडवल एकत्र करावे, जमीन घाऊक घ्यावी, रस्ते आणि गटारे एकत्र करावीत, आणि मग ज्याने त्याने आपले घर बांधावे, अशी साधारण रीत होती. दलालाचा आणि बांधकामदाराचा नफा वाचला, आणि मध्यम स्थितीतील कुटुंबे मालकीच्या घरात राहू लागली.

हे सारे उत्तम झाले. परंतु आज वांद्र्यात घर घेऊ म्हणणाऱ्या सामान्य नोकरदाराची स्थिती काय आहे? तेथील भाव ऐकूनच तो परत फिरतो. ज्यांच्या आजोबांनी त्या वेळी भाग घेतला, त्यांच्या नातवंडांना त्याचे फळ मिळाले; मागून येणाऱ्यास दार बंद झाले. भाडे गोठविण्याच्या कायद्याचीही गत काहीशी अशीच झाली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंचे रक्षण केले, ही गोष्ट खरी; परंतु वर्षानुवर्षे तेच भाडे मिळू लागल्यावर मालकांनी डागडुजी सोडली, नव्या चाळी बांधणे थांबविले, आणि नव्याने येणाऱ्यास पागडी मोजावी लागू लागली. आधी आत शिरलेला सुरक्षित झाला आणि दाराशी उभा असलेला तेथेच राहिला. म्हणून कोणत्याही योजनेस एक प्रश्न अवश्य विचारावा, असे आम्हांस वाटते : हे घर पहिल्या कुटुंबास स्वस्त पडले, पण दुसऱ्यास आणि तिसऱ्यासही ते स्वस्त पडेल काय?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरात आजही उभे आहे. याकोब फुगर हा त्या काळचा युरोपातील अतिधनाढ्य सावकार. १५२१ साली त्याने शहरातील गरजू कॅथलिक कुटुंबांसाठी एक वस्ती धर्मादाय म्हणून दिली. तिला फुगराय म्हणतात. तेथील वर्षाचे भाडे एक ऱ्हाइन गुल्डन ठरले होते. आज त्याचे मूल्य ८८ युरो-सेंट, म्हणजे एका युरोहूनही कमी धरले जाते, आणि वर्षाला तेवढेच भाडे घेतले जाते; तापणीचा व इतर खर्च तेवढा वेगळा. याखेरीज रहिवाशाने रोज तीन प्रार्थना म्हणाव्यात अशी अट आहे : प्रभूची प्रार्थना, नमो मरिया आणि विश्वासांगिकार. सदुसष्ट घरांतील सुमारे एकशे चाळीस बिऱ्हाडांत दीडशेच्या आसपास माणसे तेथे राहतात. रात्री दहा वाजता वेस बंद होते, आणि उशिरा येणाऱ्यास पहारेकऱ्याच्या हातावर थोडे नाणे ठेवावे लागते. १९४४ च्या फेब्रुवारीत बॉम्बवर्षावाने वस्तीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, तो संस्थेने पुन्हा बांधला. आमच्या गवंड्यास सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट येथे आहे. १६८१ पासून १६९४ पर्यंत या वस्तीत फ्रान्झ मोझार्ट नावाचा एक गवंडी राहत होता. जगप्रसिद्ध संगीतकार वोल्फगांग मोझार्ट हा त्याचाच पणतू.

पाचशे वर्षे भाडे चढले नाही, यामागे चमत्कार काही नाही. ती घरे कोणा एकाच्या मालकीची नाहीत आणि विकली जाऊ शकत नाहीत. ती न्यासाची आहेत, आणि न्यासाच्या जंगलांसारख्या उत्पन्नातून त्यांचा खर्च चालतो. जमीन बाजारातून एकदाच बाहेर काढली आणि पुन्हा बाजारात जाऊ दिली नाही, एवढेच त्यातील तंत्र.

तथापि एखादा धनिक किती घरे देणार? मोठ्या शहराच्या गरजेस सरकारचाच हात लागतो. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना शहराच्या नगरपालिकेने १९२३ साली घरांवर असा कर बसविला की, झोपडीवजा घरास तो नाममात्र लागे आणि हवेलीस भारी. त्या पैशातून १९३४ पर्यंत तिने साठ हजारांहून अधिक बिऱ्हाडे बांधली. आज त्या नगरपालिकेच्या मालकीची सुमारे सव्वादोन लाख घरे आहेत. सिंगापुरात १९६० साली गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. १९६१ च्या मे महिन्यात बुकित हो स्वी येथील आगीत सुमारे सोळा हजार माणसे बेघर झाली, तेव्हा मंडळाने भराभर इमारती उभारून त्यांना घरे दिली. १९६६ च्या कायद्याने सरकारला जमीन घेण्याचे विस्तृत अधिकार मिळाले, आणि १९६८ पासून कामगारास आपल्या भविष्यनिर्वाह निधीतून घराची किंमत फेडता येऊ लागली. आज तेथील सुमारे पाऊण लोकसंख्या मंडळाच्या घरांत राहते. घर नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने मिळते. जमीन सरकारचीच राहते. दोन्ही शहरांचे राज्यकारण भिन्न, पण जमिनीविषयीची सावधगिरी एकच.

आपल्या देशात असे काहीच झाले नाही, असे मात्र कोणी समजू नये. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त आम्ही इंदूरास गेलो असता तेथील एका मराठी कुटुंबाने आम्हांस मुद्दाम अरण्य ही वसाहत दाखविली. इंदूर विकास प्राधिकरणासाठी वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांनी ती आखली. सुमारे पंच्याऐंशी हेक्टर जमिनीवर साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड पाडलेले आहेत. त्यांतील सर्वांत लहान भूखंड पस्तीस चौरस मीटरांचा. गरीब कुटुंबास तयार घर न देता जोते, नळ, शौचालय आणि फार तर एक खोली एवढेच दिले. पुढची खोली, वरचा मजला, ओटा, जिना हे त्याने ऐपतीप्रमाणे वर्षा-दोन वर्षांनी वाढवावे. खेड्यात आपण घर असेच वाढवीत आलो आहोत. थोरल्याच्या लग्नाला एक पडवी, धाकट्याच्या लग्नाला माडी! शहरातील शासकीय योजनेला ही आपली जुनी रीत सुचली, याचे आम्हांस मोठे अप्रूप वाटले. मोठ्या रस्त्यालगतचे मोठे भूखंड श्रीमंतांस चढ्या भावाने विकून त्या पैशातून गरिबांच्या भूखंडांचा भार हलका केला. गरीब एका कोपऱ्यात आणि श्रीमंत दुसऱ्यात, असे न करता सर्व थरांतील लोक जवळजवळ राहतील अशी रचना केली. १९९५ साली या वसाहतीस आगाखान पारितोषिक मिळाले, आणि २०१८ साली दोशी यांस वास्तुकलेतील प्रिट्झकर हा श्रेष्ठ सन्मान लाभला.

तेथील गल्ल्यांतून फिरताना ओट्यांवर भाजी निवडणाऱ्या बायका आणि जिन्यांवर अभ्यास करणारी मुले पाहून मन प्रसन्न झाले. परंतु यजमानांनी एक गोष्ट सांगितली, तिने आम्ही पुन्हा विचारात पडलो. आरंभी ज्यांना भूखंड मिळाले त्यांतील कित्येक आता तेथे नाहीत. आजारपण आले, मुलीचे लग्न निघाले, आणि भाव बरा येतो म्हणून त्यांनी जागा विकली. विकत घेणारा साहजिकच अधिक ऐपतीचा. आमचा मघाचा प्रश्न, दुसऱ्या कुटुंबाचे काय, येथेही उभा राहिलाच.

त्यावर अमेरिकेतील काही लोकांनी शोधलेला तोडगा विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे, आणि त्याच्या मुळाशी एका मराठी माणसाच्या कार्याचाही अंश आहे. कुलाबा जिल्ह्यातील गागोद्यास जन्मलेल्या विनोबांना १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे पहिले भूदान मिळाले. पुढे त्यातूनच ग्रामदानाचा विचार निघाला : जमीन गावाची, कसणारा तिचा वहिवाटदार. १९६९ साली जॉर्जिया प्रांतात काळ्या शेतकऱ्यांसाठी ‘न्यू कम्युनिटीज’ नावाचा जमिनीचा लोकन्यास स्थापन करणाऱ्यांनी ज्या उदाहरणांपासून प्रेरणा घेतली, त्यांत हे ग्रामदानही होते. त्या न्यासाची जमीन १९८५ साली कर्जापायी गेली. पण कल्पना तगली. १९८४ साली व्हर्माँट प्रांतातील बर्लिंग्टन शहराने दोन लक्ष डॉलर देऊन असाच न्यास घरांसाठी उभा केला. तेथे जमीन न्यासाचीच राहते. कुटुंब फक्त वरचे घर विकत घेते. त्यामुळे किंमत पुष्कळ खाली येते. पुढे ते घर सोडून जाताना कुटुंबास भरलेले पैसे परत मिळतात, केलेल्या सुधारणांचे मोल मिळते, आणि वाढलेल्या किमतीचा चौथा हिस्साही मिळतो. उरलेले तीन हिस्से घरातच राहतात, म्हणजे मागून येणाऱ्या गरीब कुटुंबास ते घर स्वस्तात मिळते. जाणारा रिकाम्या हाताने जात नाही आणि येणाऱ्यापुढे दार बंद होत नाही.

गोव्यातील आमच्या वाचकांना ही कल्पना परकी वाटू नये. गावची जमीन गावकऱ्यांच्या समुदायाने सामाईक धरावयाची, ही कोमुनिदादीची परंपरा त्यांच्याकडे कित्येक शतकांची आहे. पवित्र शास्त्र वाचणारांस लेवीय पुस्तकाचा पंचविसावा अध्यायही आठवेल. जमीन कायमची विकावयाची नाही, पन्नासाव्या वर्षी ती मूळ कुटुंबाकडे परत जावयाची, असा तेथे नियम आहे. त्यातच एक अपवाद सांगितला आहे. तटबंदीच्या नगरातील घर विकले, तर एका वर्षाच्या आत सोडवून घ्यावे. तसे न केल्यास ते कायमचे घेणाऱ्याचे होते. खेड्यातील घर मात्र परत मिळते. शहरातील घराची गोष्ट निराळी आणि कठीण आहे, हे त्या काळीही ठाऊक होते, असे हा अपवाद वाचताना आमच्या मनात येते.

आता हे सारे ऐकून आपण काय करावे? आपल्या हाती व्हिएन्नाची तिजोरी नाही आणि फुगरची संपत्तीही नाही. परंतु कूड काढणाऱ्या खलाशांच्या हाती तरी काय होते? आमच्या मते तीन गोष्टी आपल्या आवाक्यातील आहेत. एक, ज्या गावची दहा-पंधरा मुले एकाच शहरात आहेत त्यांनी वेगवेगळ्या खोल्यांचे भाडे भरण्यापेक्षा एकत्र जागा घ्यावी, हिशेबाची वही ठेवावी, नियम लिहून काढावेत आणि गावातील वडीलधाऱ्यांनी त्यांच्यासाठी शब्द द्यावा. मुलींसाठी अशी स्वतंत्र जागा असणे तर अधिकच गरजेचे आहे. जुन्या कुडींनी जे केले नाही ते आपण करू शकतो. दुसरे, कुटुंबवाल्यांनी एकमेकांस धरून राहावे. घर घेण्यापूर्वी प्रकल्पाचा रेरा क्रमांक आणि जमिनीची कागदपत्रे जाणत्यास दाखवावीत. २०१६ चा हा कायदा आपल्यासारख्यांच्या रक्षणासाठीच झालेला आहे. म्हाडाच्या सोडतीची जाहिरात निघते तेव्हा अर्ज करावयास लाजू नये. तिसरे, आणि हे आम्ही अधिक आग्रहाने सांगतो, मुलाच्या पुण्यातील घरासाठी गावाकडील शेत घाईने फुंकून टाकू नये. शहरालगतची आपली खेडी उद्या शहरेच होणार आहेत. आज एकरावर विकलेली जमीन उद्या आपल्याच नातवाला चौरस फुटावर विकत घ्यावी लागेल, आणि ती त्याला परवडणार नाही. चार भावांनी जमीन सामाईक राखली, तर तिच्यावर चार कुटुंबांची घरे उभी राहू शकतात.

असो. येत्या फेस्तानंतरच्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर, ज्यांची मुले पुण्यास आहेत अशा कुटुंबांनी शाळेच्या ओसरीवर थांबावे. येताना एवढीच एक गोष्ट लिहून आणावी : आपला मुलगा किंवा मुलगी दरमहा किती भाडे भरते आणि त्या भाड्यात किती जण राहतात. गवंड्याने यावयाचे कबूल केले आहे. एका मोठ्या जागेला भाडे किती पडेल आणि ती किती कुटुंबांत वाटता येईल, याचा हिशेब त्याने आधीच एका वहीत मांडून ठेवला आहे, आणि आपल्या मुलीचे नाव त्याने पुण्यातील कोणत्या शाळेत घालावयाचे, हेही त्याच पानावर खाली लिहिलेले आम्ही पाहिले आहे.